दोन इंचांची गादी

गीतांजली एक्सप्रेस मुंबईहून सकाळी सहाला सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला पोचते. महाराष्ट्र, छत्तीसगड, ओडिशा, झारखंड, पश्चिम बंगाल अशी पाच राज्यं, दोन हजार किलोमीटरला थोडंसंच कमी अंतर आणि मधे एक अख्खी रात्र. कोलकात्याला माझं काम फार मोठं नव्हतं, विमानानं जाऊन येता आलं असतं. पण थंडीचे दिवस होते, हाताशी सुटी होती, आणि गीतांजलीच्या स्लीपरनं एकदा सलग हावड्यापर्यंत जायचं हे मनात कधीचं होतं. तिकीट मिळालं ते आरएसी. म्हणजे साइड लोअरचा बाक दोघांत अर्धा अर्धा. बसायला जागा नक्की, झोपायचं पुढे बघू.

ही गाडी मला जवळची वाटते ती मधू दंडवते यांच्यामुळे. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा हा समाजवादी माणूस आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात होता, पत्नी प्रमिलाताई येरवड्याला. १९७७ साली राजापूरकरांनी त्यांना पुन्हा लोकसभेत पाठवलं आणि ते रेल्वेमंत्री झाले. त्याच वर्षी २६ डिसेंबरला मुंबई-हावडा गीतांजली सुरू झाली. तिला पहिला वर्ग नव्हता. सगळे प्रवासी दुसऱ्या वर्गाचे, आणि त्या दुसऱ्या वर्गाच्या बर्थवर लाकडी फळ्यांऐवजी दोन इंच जाडीची गादी. पहिला वर्ग खाली आणायचा नाही, दुसरा वर्ग वर न्यायचा, अशी दंडवत्यांची भूमिका होती. त्यानंतर बाकीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांनाही अशा गाद्या आल्या. आमच्या आधीच्या पिढीनं होल्डॉल आणि वळकट्या जन्मभर वागवल्या त्या काही हौसेनं नव्हे. फळीवर दोन रात्री काढल्या की पाठ आठवडाभर बोलत असे. आज स्लीपरमध्ये आडवं होणाऱ्या कुणाला त्या दोन इंचांची आठवण राहिलेली नाही. मला ते त्या माणसाचं सगळ्यात मोठं यश वाटतं.

कल्याणला चढलो तेव्हा माझ्या बाकाचा दुसरा वाटेकरी खिडकीशी बसला होता. चाळिशीचा, किडकिडीत, गळ्याभोवती मफलर. ‘या भाऊ, बसा ना,’ म्हणत त्यानं पाय आखडून घेतले. बंगाली हेलातलं मराठी त्याला झवेरी बाजारानं शिकवलं होतं. पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातलं दासपूर हे त्याचं गाव. दासपूर आणि शेजारचं घाटाल या भागातली माणसं पिढ्यान् पिढ्या सोन्याच्या कामाला मुंबई, सुरत, दिल्लीला जातात. आपल्याकडच्या लग्नात मिरवणाऱ्या किती दागिन्यांवर यांचा हात फिरलेला असतो! हा सोळाव्या वर्षी मामाबरोबर आला आणि साखळ्यांच्या कामाला लागला तो लागलाच.

त्यानं मला हात दाखवला. अंगठा आणि तर्जनी यांची टोकं इतकी गुळगुळीत झाली होती की त्यांवर रेषाच उरल्या नव्हत्या. तळहाताच्या कडेला बारीक बारीक पांढरे डाग होते, झाळकामाच्या ज्योतीचे. ‘आधारच्या मशीनवर आमचं बोट उठत नाही,’ तो म्हणाला. ‘मी करंगळी लावतो.’ कारखान्यात संध्याकाळी जमीन झाडतात ती धूळ टाकत नाहीत, आणि हात धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात साठवतात, हे त्यानं सांगितलं. झारेकरी येऊन ते विकत नेतो आणि त्यातून सोनं काढतो. बोलता बोलता त्याची बोटं बाकाच्या शिवणीतले चुरे टिपत होती. सवयच ती.

कसाऱ्याला गाडी थांबली. इथे मागून बँकर जोडतात, म्हणजे गाडीला रेटणारी जादा इंजिनं. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातला चढ सदतीस फुटांना एक फूट असा आहे. आगगाडीच्या दृष्टीनं हा भिंतीसारखाच चढ. पुढचं इंजिन ओढतं आणि मागची इंजिनं ढकलतात, तेव्हा कुठे एवढी गाडी वर चढते. हा घाटाचा मार्ग १८६५ साली सुरू झाला. बोगदे आणि पूल ओलांडताना खिडकीतून खाली पाहिलं की हे सगळं हातानं खणणाऱ्यांचा विचार येतोच. त्यांपैकी कितीतरी जण घाटांतल्या पटकी-तापानं गेले आणि त्यांची नावं कुठल्या फलकावर नाहीत. इगतपुरीला मागची इंजिनं सुटली. फलाटावरचा वडापाव गरम होता आणि आम्ही दोघांनी अर्थातच खाल्ला.

नाशिक, मनमाड, चाळीसगाव हा पट्टा मी अर्धवट झोपेत काढला. जळगावच्या आसपास केळीच्या बागा रुळाला भिडल्या तेव्हा जाग आली. बहिणाबाईंचं आसोदं इथून हाकेच्या अंतरावर. भुसावळला डझनभर केळी खिडकीतूनच आत आली. त्यानंतर डब्यात कचोरीचा वास सुटला. शेगावची कचोरी घेऊन पोरं डब्यातून फिरू लागतात आणि दहा मिनिटांत पाटी रिकामी होते. सोनारानं दोन घेतल्या आणि एक माझ्या हातावर ठेवली, विचारलंसुद्धा नाही.

अकोल्यापुढे कापसाची वेचणी चालू होती. शेतात वाकलेल्या बायकांच्या कमरेला ओटी बांधलेली, बांधावर पांढरे ढीग. मूर्तिजापूरला ‘शकुंतला’ रेल्वेचा अरुंद रूळ फाटतो. यवतमाळ-अचलपूरकडचा कापूस मुख्य लोहमार्गावर आणावा म्हणून तो टाकला गेला होता. कापूस तिथून मुंबईला आणि मुंबईहून विलायतेतल्या गिरण्यांना. आता त्यावरून गाडी धावत नाही. पण रेल्वे कुणासाठी आणि कशासाठी, हा प्रश्न या एका फाट्यावर इतका स्पष्ट मांडून ठेवलेला आहे की मी खिडकीची जागा मागून घेतली आणि तो मागे पडेपर्यंत पाहत राहिलो.

त्याच प्रश्नाला वर्ध्याशी दुसरं टोक भेटतं. गांधीजी १९३६ साली इथून जवळच्या सेवाग्रामला राहायला आले. त्याच्या कितीतरी आधी, १९१७ साली, त्यांनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर एक लेख लिहिला होता. डब्यातली दाटी, घाण, संडासांची अवस्था, प्रवाशांना मिळणारी वागणूक हे सगळं स्वतः सोसून त्यांनी नोंदवलं. तिसरा वर्ग हे नाव कागदावरून गेलं १९७४ साली. पाटी बदलली आणि फळ्या राहिल्या. दंडवते आले ते तीन वर्षांनी. लेखापासून गादीपर्यंत साठ वर्षं लागली.

सोनाराला मी हे सांगितलं. दंडवते हे नाव त्यानं ऐकलेलं नव्हतं. त्यानं अंगठ्यानं गादी दाबून पाहिली, वरच्या निळ्या रेक्झिनवरून हात फिरवला. मग म्हणाला, ‘माझे वडील बॉम्बे मेलनं यायचे. आई त्यांना कांथा बांधून द्यायची, दोन. एक खाली घालायला, एक वर घ्यायला. मला एकच दिला.’ कांथा म्हणजे जुन्या साड्यांची गोधडी. त्याची त्याच्याजवळच होती.

नागपूरला संध्याकाळ झाली होती. संत्र्यांच्या टोपल्या, जेवणाचे डबे, चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची एकच रेटारेटी. इथून पुढचा लोहमार्ग बेंगॉल-नागपूर रेल्वेचा. १८८७ साली स्थापन झालेल्या या कंपनीनं नागपूरहून आसनसोलपर्यंत रूळ नेला आणि मग कोलकात्याचा जवळचा रस्ता उघडला. त्याआधी मुंबईहून कोलकात्याला जायचं तर जबलपूर-अलाहाबादवरून वळसा घालावा लागे. गाडी हलली आणि टीसी आला. नागपूरला काही बर्थ रिकामे झाले होते. सोनाराला पुढच्या खणातला वरचा बर्थ मिळाला आणि साइड लोअर अख्खा माझा झाला. जाताना तो मला बजावून गेला की रात्री बॅग डोक्याखाली घ्या.

आता समोरच्या खणाबद्दल सांगायला हवं, कारण या प्रवासातलं माझं अर्धं लक्ष सकाळपासून तिथेच होतं. दादरला चढलेली एक आई आणि तिचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. मुलाच्या डोक्यावर लोकरी टोपी, तोंडाला मास्क, आणि आईच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली जाड फाइल. परळच्या टाटा हॉस्पिटलची फाइल ओळखायला ती उघडावी लागत नाही. बंगालमधून आणि त्याच्याही पलीकडून किती माणसं याच गाडीनं परळला येतात-जातात! कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरचं भाडं माफ असतं आणि सोबत्यालाही मोठी सवलत मिळते. या एका सवलतीवर कितीतरी घरांचे उपचार उभे आहेत.

मुलाचा बर्थ मधला होता, आईचा वरचा. मधला बर्थ नियमानं रात्री दहा ते सकाळी सहाच उघडायचा, कारण तो उघडला की खालच्यांना ताठ बसता येत नाही. मुलाला तर दिवसाही आडवं व्हावं लागत होतं. खालच्या बर्थवर रायपूरला जाणारे एक वयस्कर गृहस्थ होते, गुडघ्यांना पट्टे बांधलेले. त्यांनाही वर चढवेना. सकाळी कल्याण सुटल्यावर काही वेळ कुणीच काही बोललं नाही. मग समोरच्या खालच्या बर्थवरची नागपूरची बाई उठली, आपली चादर त्या बर्थवर अंथरली आणि मुलाला म्हणाली, ‘झोप रे बाळा इथं.’ ती स्वतः नागपूरपर्यंत खिडकीशी, मुलाच्या पायांजवळच्या वीतभर जागेवर बसून गेली. नागपूरला उतरताना तिनं चादर काढून घेतली नाही.

रात्री तो बर्थ घ्यायला एक तरुण आला, टाटानगरचा. आई उठून काही समजावू लागली, तोवर त्यानं मुलाकडे पाहिलं, बूट काढले आणि सरळ मधला बर्थ लावून वर गेला.

दहाला दिवे मालवले गेले. स्लीपरमधली रात्र ही ऐकण्याची गोष्ट आहे. साखळ्यांचे आवाज, बर्थच्या कड्यांची करकर, कुणाचं घोरणं, कुणाच्या फोनवर दबक्या आवाजातलं भांडण, आणि खिडकीच्या फटीतून येणारी शीळ. काचा ओढून घेतल्या, वरून पत्र्याच्या झडपाही पाडल्या, तरी थंडी आत शिरत होती. गोंदिया गेलं आणि महाराष्ट्र संपत आला. मी झडप थोडी वर केली. डोंगरगढला बमलेश्वरीचं देऊळ टेकडीच्या माथ्यावर आहे. पायऱ्यांवरच्या दिव्यांची माळ पार वरपर्यंत गेलेली अंधारात दिसली. समोर मुलाच्या आईनं हात जोडले. तिला झोप नव्हती.

मग ती बोलू लागली, मोडक्या हिंदीत. नदिया जिल्ह्यातलं कृष्णनगर, नवरा सायकलच्या दुकानात. मुलाच्या मांडीच्या हाडाला गाठ झाली होती, ती काढली. मुंबईत राहिली कुठे, असं मी विचारलं तर ती स्पष्ट उच्चारात म्हणाली, ‘गाडगे महाराज.’ दादरची धर्मशाळा. गाडगेबाबा कोण होते ते तिला तिथल्या तसबिरीवरून जेवढं कळलं तेवढंच ठाऊक होतं: हातात खराटा घेतलेला, दाढीवाला म्हातारा. मी तिला सांगितलं की तो माणूस गावोगाव रस्ते झाडायचा आणि मिळालेल्या पैशांतून धर्मशाळा बांधायचा, स्वतःसाठी मात्र त्यानं काही केलं नाही. तिनं ते मुलाला बंगालीत सांगितलं. तोही जागाच होता.

दुर्ग-रायपूरच्या मधे भिलाईचे दिवे लागले, रुळाच्या कडेनं मैल-दीड मैल पसरलेले. सोव्हिएत मदतीनं उभ्या राहिलेल्या या कारखान्यातली पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली, आणि भारतीय रेल्वेच्या रुळांचं मोठं माहेरघर हेच. ज्यावरून आपण चाललोय ते लोखंड इथलं, हे मुलाला सांगितलं तर तो कोपरावर उठून बसला आणि भिलाई संपेपर्यंत बाहेर बघत राहिला. रायपूरला पट्टेवाले आजोबा उतरले. बिलासपूरजवळ कोळशानं भरलेल्या मालगाड्या एकामागून एक येत होत्या. मोजता मोजता मला झोप लागली.

एक गोष्ट मला इथेच लिहायची आहे. अलीकडच्या वर्षांत कितीतरी गाड्यांचे स्लीपरचे डबे कमी करून त्या जागी वातानुकूलित थ्री टियर जोडले गेले. गीतांजलीलाही वातानुकूलित डबे आहेतच. त्याला माझा विरोध नाही. उन्हाळ्यात विदर्भातून जाताना कुणालाही गारवा हवासा वाटेल. पण थ्री टियरचं भाडं स्लीपरच्या साधारण अडीचपट पडतं. सोनार ते एखाद्या वर्षी देईल. कृष्णनगरची आई कधीच देऊ शकणार नाही. नवे डबे जोडा, पण स्लीपर काढून नको. जुन्या डब्यात ७२ बर्थ असत, नव्या एलएचबी डब्यात ८० असतात. एक डबा निघाला की तेवढी माणसं रात्रीची कुठे जातात? ती जनरलच्या दारात उभी राहतात. दंडवत्यांनी १९७७ साली जे केलं त्यात खर्च होता आणि थोडी कल्पकताही होती. पण मुळाशी एक हिशेब होता: रेल्वेचा प्रवासी म्हणजे प्रथम हा माणूस. तो हिशेब चुकू नये असं मला मनापासून वाटतं.

उजाडलं ते राउरकेल्याच्या अलीकडे. ब्राह्मणी नदीवर धुकं इतकं दाट होतं की पुलाचे खांबच तेवढे एकेक करून समोर येत गेले. पुढे सारंडाचं सालाचं जंगल. बोगद्यातून गाडी बाहेर आली की लाल माती, सरळसोट खोडं, पायवाटेवर शेकोटीशी बसलेली माणसं, डोक्यावर मोळी घेऊन रूळ ओलांडायला थांबलेल्या बायका. चहावाल्याची आरोळी आता वेगळ्या सुरात येऊ लागली. डबाभर माकडटोप्या दिसत होत्या आणि सगळे एकमेकांशी बंगालीत बोलत होते; कालपर्यंत हिंदी बोलणारेही.

टाटानगर आलं तेव्हा आईनं पाटी वाचली आणि विचारलं, ‘हेच का ते टाटा?’ होय, तेच. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई रक्ताच्या कर्करोगानं गेल्या, आणि त्यातूनच परळचं हॉस्पिटल उभं राहिलं. १९४१ साली ते सुरू झालं. तिनं मुलाला खिडकीशी बसवलं आणि गाडी सुटेपर्यंत दोघंही काही बोलले नाहीत. मधल्या बर्थवरचा तरुण इथे उतरला. ‘ठीक हो जाएगा,’ असं मुलाला म्हणाला आणि गर्दीत गेला.

घाटशिला. सुवर्णरेखेकाठचं हे लहानसं गाव ‘पथेर पांचाली’कार बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या अखेरच्या दिवसांचं, १९५० साली ते इथेच गेले. आगगाडी बघायला आसुसलेली दुर्गा आणि अपू ज्यांनी लिहिली, ते या रुळांच्या शेजारी राहत होते हे मला फार आवडतं. तिथून पुढे जमीन सपाट होत गेली, तळी आणि खजुरीची झाडं आली. खजुरीच्या शेंड्याशी मडकी बांधलेली होती. थंडीत त्यांतल्या रसाचा नवा गूळ होतो, आणि सोनार घरी चालला होता तो मुख्यतः त्यासाठी, असं त्यानं अगदी गंभीरपणे सांगितलं.

तो खरगपूरला उतरला. तिथून लोकलनं पांशकुडा, मग बस. उतरण्याआधी त्यानं झालमुडीवाल्याला थांबवून चार पुड्या बांधून घेतल्या: एक त्याला, एक मला, दोन समोर. मोहरीच्या तेलाचा झणका नाकात गेला. मुलानं पहिल्यांदा मास्क खाली केला आणि पुडी संपवली.

हावड्याच्या अलीकडे आईनं फोन माझ्या हातात दिला. दीड महिन्यांनी तपासणीला पुन्हा परळला जायचं होतं, पुतण्यानं तिकीट काढलं होतं, त्याचा निरोप वाचून हवा होता. दोघांचंही आरएसी होतं. मी तिला सगळं नीट सांगितलं: जागा नक्की आहे, चार्ट लागल्यावर पुन्हा बघायचं, टीसीला हॉस्पिटलची चिठ्ठी दाखवायची. तिनं दोनदा विचारून घेतलं.

हावड्याच्या नव्या इमारतीतल्या फलाटावर उतरलो. त्यांना सियालदाला जाऊन कृष्णनगरची लोकल धरायची होती. बॅगा बऱ्याच होत्या, फाइल मी घेतली. बाहेर बसवाले ओरडत होते, पुलाकडून माणसांचा लोंढा येत होता. ‘लोअर नाही मिळाली तर डब्यात कुणाला तरी विचारू,’ असं म्हणून ती मुलाचा हात धरून सियालदाच्या बसकडे निघाली, आणि फाइल द्यायला मी तिच्या मागोमाग गेलो.